ऑफर घेतल्यावर नाही म्हणायचं असेल तर

एकदा हो म्हटलं की शब्द पाळायचाच, असं मानणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण नोकरीच्या ऑफरला हा नियम लावणं मला पटत नाही. जॉइनिंगला अजून महिना दीड महिना आहे आणि मधेच खरंच चांगली ऑफर आली, काम चांगलं, शिकायला मिळणार, पगारातही भरपूर फरक, तर ती घ्यावी. थोड्याशा पगारासाठी मात्र नको, तेवढ्यासाठी एवढा गोंधळ घालण्यात अर्थ नाही.

ऑफर लेटर नीट वाचा, बऱ्याचदा त्यात असतं की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आणि रेफरन्स चेक झाल्यावरच ही ऑफर पक्की. म्हणजे कंपनीने स्वतःची सोय आधीच करून ठेवलेली असते. जून २०२२ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने लोकांनी अ‍ॅक्सेप्ट केलेल्या ऑफर्स सरळ ईमेल पाठवून रद्द केल्या होत्या, मार्केट बदललं म्हणून. मग परिस्थिती बदलली असं माणसाने म्हटलं तर लगेच तो बेभरवशाचा कसा काय?

पण मला खरा राग येतो तो सांगण्याच्या पद्धतीचा. लोक जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसतात!! अरे त्या जागेसाठी दोन नंबरवर कुणीतरी होतं, तुमच्या होकारामुळे त्याला नकाराचा मेल गेला, तुम्ही आज सांगितलंत तर कदाचित उद्या त्याला फोन जाईल, तीन आठवड्यांनी सांगितलंत तर तोपर्यंत त्याने नाइलाजाने दुसरीकडे कुठेतरी हो म्हटलेलं असेल. कंपनीचं काय, ती दुसरा माणूस शोधेल, पण या माणसाचा विचार कुणीच करत नाही आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता दुसरी ऑफर फक्त फोनवर आलेली असेल तर पहिली सोडू नका. लेटर हातात येऊ दे, त्यातला पगार, पद, तारीख बघा, सही करा, आणि मग त्याच दिवशी कळवा. तोवर गप्प राहण्यात मला काही गैर वाटत नाही. पण आधी पहिल्या लेटरमध्ये माघार घेण्याबद्दल काही अट आहे का बघा, आणि जॉइनिंग बोनस घेतला असेल तर परत करायची तयारी ठेवा.

पहिल्या कंपनीतल्या मॅनेजरला आधी फोन करा, मग मेल. घरी कुणी आजारी आहे वगैरे थापा नकोत, एका क्षेत्रातली माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. दुसरी ऑफर आलीये, माझ्या कामासाठी ती जास्त योग्य वाटते, म्हणून जॉइन होऊ शकत नाही, सॉरी, एवढं पुरे. ते म्हणतील आम्ही पैसे वाढवतो, तेव्हा तुमचं ठरलेलं असेल तर घासाघीस करत बसू नका. चिडले तर ऐकून घ्या, त्यांचं चिडणं रास्तच आहे. आणि कुणी मित्राने तिथे तुमचं नाव सुचवलं असेल तर एचआरच्याही आधी त्याला सांगा, त्याला ऑफिसात दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.