मातीमोल

मराठीतला 'मोल' किती गोड शब्द! मोलाचा सल्ला, अनमोल ठेवा. रसायनशास्त्रातला मोल मात्र नुसता नावापुरता भाऊ. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल. २०१९ पासून तर हा आकडा व्याख्येनेच ६.०२२१४०७६ असा कायमचा ठरवून टाकलाय, म्हणजे मोलभाव करायचीही सोय गेली.

खरं भांडण तराजूचं आणि समीकरणाचं. तराजूला फक्त ग्रॅम कळतात, समीकरणाला फक्त रेणूंची संख्या. मधे दुभाषी मोल, आणि बोलणी फिसकटली की भोपळा आपल्या वहीत.

आधी समीकरण संतुलित करा. प्रोपेन जाळायचा तर कार्बन ३, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू; हायड्रोजन ८, म्हणून पाण्याचे ४. आता उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ६ अधिक ४, झाले १०; डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू. ऑक्सिजन शेवटी घ्यायचा, कारण डावीकडे तो एकटा उभा असतो, त्याला हलवलं तरी बाकी कुणी हलत नाही. त्याच्यापासूनच सुरुवात केलीत तर खोडरबर संपेल. आणि आकडा बसेना म्हणून पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली हळूच २ लिहिणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, पण दोन्ही बाजू कशा छान जुळल्या!

एवढं निभावलं की प्रश्नात एक निरागस वाक्य येतं: २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ८ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती? हायड्रोजन बिचारा कमी, तोच आधी संपणार, असं मन सांगतं. मनाचं ऐकू नका. एक मोल नायट्रोजन २८ ग्रॅमचा, म्हणून २८ भागिले २८, नायट्रोजन १ मोल. एक मोल हायड्रोजन २ ग्रॅमचा, म्हणून ८ भागिले २, हायड्रोजन ४ मोल. नायट्रोजनच्या एका मोलला हायड्रोजनचे ३ लागतात, इथे ४ हजर. म्हणजे आधी संपला तो ढिगाने दिसणारा नायट्रोजन! अमोनिया २ मोल, ३४ ग्रॅम. हायड्रोजन २ ग्रॅम शिल्लक. ३४ आणि २ म्हणजे ३६, आणि आत घातलं होतं तेही ३६. ही बेरीज करायला दहा सेकंद लागतात, म्हणूनच बहुधा ती कुणी करत नाही.

मोरचुदाच्या सूत्रातला (CuSO₄·5H₂O) टिंब हा आणखी एक छुपा रुस्तम. तिथे गुणाकार नाही, पाण्याच्या ५ रेणूंचे ९० वस्तुमानात मिळवायचे असतात. २२.४ लिटर हा आकडाही सगळ्यांना इतका आवडतो की तो द्रव पाण्यालाही लावतात. तो एक मोल वायूच्या आकारमानाचा, तोही शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला. एक मोल पाणी जेमतेम १८ मिलिलिटर, दोन घोटांत संपेल.

पण मला सगळ्यात भीती वाटते कॅल्क्युलेटरची. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान काढायला १८ भागिले ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, असं कंसाविना सलग दाबलं की तो इमानदारीने ६.०२२ ने भागतो आणि पुढच्या घाताने गुणतो. उत्तर येतं २.९९ गुणिले १० चा २३ वा घात ग्रॅम. घातातलं उणे चिन्ह तेवढं राहिलं, बाकी आकडा बरोबर. म्हणजे पाण्याचा एकच रेणू, आणि वजन पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या साधारण एक पंचमांश. खाली एकक मात्र न चुकता लिहिलेलं असतं.