आठवीपर्यंत पोचलेले मुलगे: भारत-बांगलादेश तुलनेवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. मी केलेल्या भारत-बांगलादेश तुलनेवरची तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली दिसते, पण मुद्दे उत्तर देण्याजोगे आहेत. तुमचं म्हणणं असं, की आठवीपर्यंत पोचणाऱ्या मुलग्यांच्या प्रमाणात 2010च्या दशकात भारत बांगलादेशाच्या पुढे होता, विषय तिथेच संपतो. मग आपलीच बाजू पडती दाखवण्याचा हट्ट का? आणि मुलींचे एवढे प्रश्न असताना मुलग्यांसाठी गळा कशाला काढायचा?

भारत पुढे होता, यावर आपला वादच नाही. वाद आहे तो त्या आकड्यात काय मोजलंय याचा. जागतिक बँकेच्या तक्त्यातला हा दर काढताना आठवीत नव्याने आलेली मुलं (तिथेच पुन्हा बसलेली वगळून) घेतात आणि त्यांना देशातल्या 13 वर्षांच्या मुलांच्या संख्येने भागतात. वर्षभर वर्गात कोण बसलं, आठवी अखेर कोणाला काय आलं, याचा त्यात मागमूस नसतो. वय उलटून गेलेली मुलंही वरच्या संख्येत धरली जातात, म्हणून काही देशांचा दर शंभरावर जातो. खालची संख्या तरी पक्की आहे का? आपली जनगणना 2011ची, पुढचे सगळे अंदाज. बांगलादेशाने 2022मध्ये करून टाकली.

आता शाळेच्या वाटेवरचे अडथळे बघा. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. त्यात बदल झाला तो 2019मध्ये. बांगलादेशाने नेमकं उलट केलं. 2009पासून 2019पर्यंत पाचवीच्या शेवटी देशभर एकच सार्वजनिक परीक्षा ठेवली. एकीकडे दार उघडं, दुसरीकडे दारात परीक्षा. हे न सांगता दोन आकडे शेजारी मांडणं मला तरी पटत नाही.

बीडच्या एखाद्या गावातला ऊसतोड कामगाराचा मुलगा घ्या. यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींच्या, माहितीची संदर्भ तारीख वर्षानुवर्षं 30 सप्टेंबर राहिली. तेव्हा तो गावात असतो, पटावर नाव असतं, मोजला जातो. मग कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. हंगामी वसतिगृहात सोय झाली किंवा सांभाळायला आजी असली तर ठीक, नाही तर तोही आईबापाबरोबर निघतो. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत राहायचं, पहाटे फडावर जायचं, मोळ्या वाहायच्या, धाकट्या भावंडांना सांभाळायचं. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो, आणि तो वरच्या वर्गात गेलेला असतो. तुम्ही ज्या आकड्यावर विषय संपवता, त्यात हा मुलगाही धरलेला आहे.

बांगलादेशातला मुलगा वेगळ्या कारणाने मागे पडला. तिथे 1994पासून ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींना देशभर उपवृत्ती, म्हणजे शिक्षणासाठी रोख मदत, मिळू लागली. अटी तीन: 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण आणि लग्न न करणं. मुली शाळेत टिकल्या, आणि ती योजना मला मनापासून मोलाची वाटते. पण त्याच घरातल्या मुलग्याला त्या वयात कमाईची ओढ होती. ढाक्यात लेगुना नावाच्या छोट्या प्रवासी गाड्यांच्या मागच्या फळीवर लोंबकळत भाडं गोळा करणारी मुलं याच वयाची असतात. शिवाय कौमी, म्हणजे सरकारी व्यवस्थेबाहेर चालणाऱ्या, मदरशांतले कितीतरी मुलगे सरकारी शाळांच्या मोजणीबाहेर राहतात. म्हणजे तिथला आकडा काही अंशी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, आपला जास्त.

मुलग्यांबद्दल लिहिल्याने मुलींचं काहीही हिरावलं जात नाही. तेरा वर्षांच्या पोराच्या हातात कोयता किंवा पाना येतो तेव्हा ‘घराला हातभार लावतोय’ असं कौतुक होतं, आणि त्या कौतुकापायी त्याची शाळा सुटल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. मला त्याचा राग येतो, म्हणून लिहिते.

तुलना करायचीच असेल, तर घरोघरी जाऊन केलेली सर्वेक्षणं घ्या. बांगलादेशातलं 2019चं युनिसेफच्या मदतीने झालेलं सर्वेक्षण आणि आपलं 2019-21चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काळाने जवळची आहेत. फडावरचा मुलगा अशा सर्वेक्षणातही ‘आठवी पूर्ण’ असाच नोंदला जाईल, त्यामुळे सोबत वाचनाची चाचणी हवीच. असर या मुलांच्या शिक्षणाची चाचपणी करणाऱ्या उपक्रमाच्या 2023च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 18 वयाच्या मुलींपैकी 76 टक्के आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर वाचू शकल्या, मुलग्यांपैकी 70.9 टक्के. यातले बहुतेक जण आठवी ओलांडलेले किंवा आठवीच्या आसपासचे होते.