नळाच्या पाण्यातला तो तपकिरी गाळ : खुलासा

परवापासून आपल्या पेठेतल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. दोन ग्लास, त्यात एका उपकरणाच्या सळ्या बुडवून वीज सोडली की नळाचं पाणी तपकिरी, आरओचं (घरच्या शुद्धीकरण यंत्राचं) जसंच्या तसं. खाली ओळ : 'कोल्हापूरकरांनो, हे विष पिताय.' मलाही सख्ख्या बहिणीनंच पाठवला. शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून लिहितोय.

तो गाळ पाण्यात आधी नसतोच. तो येतो उपकरणाच्या लोखंडी सळीतून. वीज सुरू झाली की धनाग्राचं (विजेच्या धन टोकाला जोडलेल्या सळीचं) लोखंड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन पाण्यात उतरतं. ऋणाग्रापाशी (ऋण टोकाच्या सळीपाशी) हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. दोन्ही मिळून हिरवट साका बनतो, आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजननं तो तांबूस होतो. थोडक्यात, गंज. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे वीज जेमतेम वाहते आणि सळी झिजत नाही.

काल घरी दोन खिळे आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन बसलो. आरओच्या पाण्यात बराच वेळ काही नाही. चिमूटभर मीठ टाकलं, आणि तेच 'शुद्ध' पाणी गढूळलं! (प्लगची वीज वापरून हे कुणी करू नका.)

पंचगंगा नदीच्या प्रदूषणाची काळजी खरी आहे. पण त्याचं उत्तर या ग्लासात नाही, त्याला प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. तो व्हिडिओ कृपया पुढं पाठवू नका, आणि आधी पाठवला असेल तिथं हा खुलासा टाका.