डायलिसिसवर आहात म्हणून एआयसीडी? आधी हे वाचा

एआयसीडी म्हणजे खांद्याखाली बसवून शिरेतल्या तारांनी हृदयाला जोडलेलं, ठोके जीवघेणे बिघडले की शॉक देणारं यंत्र. त्याबद्दल सध्या फिरणारा मजकूर असा: ‘डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाने एआयसीडी बसवून घ्यावं. हृदय थांबलं की मशीन शॉक देतं. कुठल्याही खांद्याखाली बसतं. मग पोटॅशियमची धास्ती नाही.’

‘प्रत्येक रुग्णाने’ हे नेदरलँड्समध्ये तपासून झालंय. डायलिसिसवरचे 188 रुग्ण, वय 55 ते 80, ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण) किमान 35 टक्के. फायदा दिसेना म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. 2019च्या निकालात पाच वर्षांतले अचानक मृत्यू यंत्राच्या गटात 9.7 टक्के, बिनयंत्राच्या गटात 7.9. एवढा फरक योगायोगानेही पडतो, पण फायद्याचा मागमूस नाही. व्हीएफमधून (हृदयाच्या जीवघेण्या फडफडीतून) वाचलेल्यांचं किंवा ईएफ 35च्या खाली असलेल्यांचं गणित वेगळं. ते आपल्या कार्डिओलॉजिस्टशीच बोलावं.

‘शॉक देतं.’ शॉक वेगाने फडफडणाऱ्या हृदयासाठी असतो. डायलिसिसच्या रुग्णांत ठोके मंदावत जाऊन हृदय थांबणंही बरंच दिसतं, तिथे शॉकचा उपयोग नाही.

मग यंत्र पेसिंग करेल, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन ठोके चालवेल की! करेल, पण दोन डायलिसिसच्या मधल्या खंडात रक्तात साचणारं पोटॅशियम फार चढलं की हृदयाचा स्नायू तो झटका पकडत नाही. ईसीजीवर पेसिंगची उभी रेघ दिसते, तिच्यामागे ठोका उमटत नाही. उलट टी-वेव्ह (ईसीजीवर ठोक्यामागून येणारी लाट) उंच झाली की यंत्र तिलाच ठोका समजून दुप्पट मोजतं आणि शुद्धीतल्या माणसाला शॉक बसतो. म्हणजे यंत्र बसल्यावर पोटॅशियम जास्तच सांभाळायचं. सोमवार-गुरुवार डायलिसिस असेल तर गुरुवार ते सोमवार हा चार दिवसांचा खंड सगळ्यात धोक्याचा. रक्त सोमवारी, डायलिसिस मशीनला जोडण्याआधी तपासा. शहाळं बंद, आणि ‘लो सोडियम’ मीठही. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं.

‘कुठल्याही खांद्याखाली’ हे तर घातकच. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली धमनी-शिरेची जोडणी) डाव्या हाताला असेल तर तारा उजवीकडून. त्याच बाजूने घातल्या आणि मोठी शीर अरुंद झाली, तर हात सुजतो, डायलिसिस मशीनवर व्हीनस प्रेशर (रक्त शिरेत परत जातानाचा दाब) चढतं, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. फिस्टुलाही हातचा जाऊ शकतो. परमकॅथ (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर तारांना जंतुसंसर्गाची भीती आणखी. तो झाला तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, अख्खं यंत्र तारांसकट काढावं लागतं.

शिरा वाचवायच्या तर तार शिरेत न घालता त्वचेखालीच ठेवणारं एआयसीडी असतं, पण ते शॉकनंतर थोडा वेळ सोडला तर पेसिंग करत नाही. फक्त पेसिंग हवं असेल तर बिनतारी पेसमेकर जांघेच्या शिरेतून बसतो.