बीडिंग सरळ आहे का?

गाडीच्या दाराला साइड बीडिंगची पट्टी चिकटवणं पाच मिनिटांचं काम आहे, असं विकणारा सांगतो. खोटं नाही बोलत तो. चिकटवायला तेवढीही लागत नाहीत. जीव जातो तो नेमकं कुठे चिकटवायचं हे ठरवताना.

ही पट्टी घ्यावी लागते शेजारच्या गाडीमुळे. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांचं पार्किंग आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा स्कूटर असावी. शेजाऱ्यांनी दार उघडलं की आपल्या दाराला टोचा ठरलेला. काळी पट्टी स्वस्तात मिळते, पण घरात ‘बॉडी कलरचीच’ असा ठराव झाला. तेव्हा कळलं की पांढरा हा एकच रंग नाही. बाजारात पोलर व्हाइट आहे, पर्ल आर्क्टिक व्हाइट आहे; नावं ऐकून थंडी वाजते. पट्टी रंगवून देणाऱ्या पेंटरने गाडीचा कलर कोड विचारला. मी म्हटलं, “पांढरी.” त्यावर तो नुसता हसला आणि स्वतःच गाडीवरचा स्टिकर शोधायला उठला. आमची निघाली मोतिया झाक असलेली. म्हणजे आधी बेस, मग पर्ल, मग वर क्लिअर कोट. आमच्या बेडरूमच्या भिंतींचेही एवढे लाड झालेले नाहीत.

पट्टीच्या मागे अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप असते, वर लाल फिल्म. तिला सोवळं फार. दारावर वॅक्स किंवा पॉलिशचा अंश राहिला तर ती वॅक्सला चिकटते, दाराला नाही. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने दार पुसायचं. शिवाय थंड पत्र्यावर ती नीट धरत नाही, आणि महिना डिसेंबरचा. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून मी दाराला हेअर ड्रायरने शेक देत होतो, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, “अहो, तो माझा ड्रायर आहे ना?” अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

खरी परीक्षा इथून पुढे. पट्टी सरळ हवी. पण कशाला धरून सरळ? गाडीच्या अंगावर सरळ रेघ म्हणून नाही. काचेची कड मागे चढत जाते, खालची कड तिच्या मर्जीने जाते. लेव्हल बॉटल लावावी, तर पाणी वाहून जायला पार्किंगलाच उतार दिलेला. तिसऱ्या मजल्यावरचे काका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. ते सूत घेऊन आले. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सूत ताणलं, मास्किंग टेपने रेघ आखली. वॉचमन लांबून म्हणाला, “साहेब, मागं उतरलीय.”

काका म्हणाले, “पट्टी नाही रे, गाडीच उतरलीय. मागच्या टायरची हवा बघा.”

बीडिंग लावण्यासाठी पेट्रोल पंपावर जाऊन हवा भरून आलेला इसम या शहरात दुसरा नसेल.

फिल्म एकदम सोलायची नाही. दोन्ही टोकांना थोडी सोलून शेपट्या बाहेर काढायच्या, पट्टी रेघेवर टेकवायची आणि मग शेपट्या ओढत, दाबत जायचं. एकदा दाबली की संपलं. ‘जरा वर घ्या’ला वाव नाही. काकांनी श्वास रोखला, वॉचमनने टोपी काढली, मी ओढली.

एवढं होऊन टेप लगेच पक्की होत नाहीच. वीस मिनिटांत निम्मी पकड, चोवीस तासांत नव्वद टक्के, पूर्ण व्हायला बहात्तर तास. तोवर पाणी मारायचं नाही. आता आमच्याकडे गाड्या पुसणारा पोरगा पहाटे पाचला बादली घेऊन येतो, चिठ्ठीबिठ्ठी वाचण्याच्या भानगडीत पडत नाही. स्वेटर घालून मी खाली जाऊन उभा राहिलो. त्याने मोबाइलचा टॉर्च पट्टीवर फिरवला, चार पावलं मागे गेला, एक डोळा मिटून पाहिलं.

“पट्टी बरोबर आहे साहेब,” तो म्हणाला. “हँडल वाकडं बसलंय.”