शक्यतो बाप व्हा

लग्नाआधी मूल होऊ द्यायचं आणि पुढे रीतसर लग्नही करायचं, असा दुहेरी बेत कुणाच्या मनात असेल तर माझा पहिला आणि खरं म्हणजे एकमेव सल्ला आहे: शक्यतो बाप व्हा. आई होण्याच्या भानगडीत पडू नका. मूल तेच, निकाल वेगळा. बापाचं पोट दिसत नाही, त्याला रजा टाकावी लागत नाही, अंगावर एक व्रण उरत नाही. चार रात्री झोप लागत नसेल बिचाऱ्याला, पण पाचव्या दिवशी तो पुन्हा कोरा करकरीत उपवर.

या सोयीसाठी मोठमोठ्यांनी डोकं लावलं आहे. नेपोलियनच्या राजवटीत १८०४ साली फ्रान्सची दिवाणी संहिता आली. तिच्या ३४० व्या कलमाने एका वाक्यात काम उरकलं: पितृत्वाचा शोध घेण्यास मनाई आहे. अपहरणासारखा एखादा अपवाद सोडला तर बाईने कोर्टात जाऊन ‘हे मूल याचं’ असं म्हणायचंच नाही. बाप कोण, हे गावाला ठाऊक, कायद्याला नाही. हे कलम १९१२ पर्यंत टिकलं. इंग्रज जास्त व्यवहारी. १८३४ च्या गरीब-कायद्यात त्यांनी अनौरस मुलाला सोळा वर्षांचं होईपर्यंत पोसण्याचा भार आईवर टाकला आणि बापाला मोकळं केलं. बापाकडून पैसे मिळतात हे कळलं तर पोरी मुद्दाम वाट चुकतील, अशी सभ्य माणसांना रास्त भीती होती. दहा वर्षांनी हा कायदा सैल करावा लागला, पण कल्पना किती सुबक होती!

पुढे १९८४ साली लेस्टरमध्ये ॲलेक जेफ्रीज नावाच्या शास्त्रज्ञाने डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती शोधली आणि रंगाचा बेरंग केला. असो.

आता काही जणी हट्टाने बाईच्या जन्माला आलेल्या असतात. त्यांच्यासाठी दुय्यम दर्जाचे सल्ले आहेत.

लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळाचा फॉर्म मी परवा भरून पाहिला. वैवाहिक स्थिती: अविवाहित, घटस्फोटित, विधवा किंवा विधुर. ‘घटस्फोटित’वर बोट ठेवलं की खाली लगेच प्रश्न उगवतो: अपत्ये किती? सोबत राहतात का? ‘अविवाहित’वर ठेवलं की तो प्रश्न गडप. पुन्हा ठेवून पाहिलं, पुन्हा गडप. लग्न नाही म्हणजे मूल नाही, एवढी संगणकाची अढळ श्रद्धा. तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की, विचारलंच नाही. थांबा. संगणकाने नाही विचारलं तरी मावशी विचारणार आहे.

स्थळांच्या भाषेत एक शब्द फार गोड आहे: पाश. ‘कोणताही पाश नसलेली हवी.’ यमाच्या हातात असतो तोच हा पाश. तुमचं तीन वर्षांचं पोर, जे आत्ता एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत घरभर फिरतंय, ते पाश. उलट दोन मुलांचा बाप दुसरेपणावर उभा राहतो तेव्हा ती मुलं पाश नसतात. ती ‘आईच्या मायेला पारखी झालेली लेकरं’ असतात आणि त्यांच्यासाठी प्रेमळ, समजूतदार, शक्यतो विनापत्य मुलगी शोधायची असते. विनापत्य अशासाठी, की माया वाटली जायला नको.

तर पाश लपवा. जुनी, खात्रीची रीत म्हणजे बाळाला आपल्याच आईच्या पदरात टाकायचं आणि त्याची ताई होऊन राहायचं. १९३७ साली जन्मलेला हॉलिवूडचा नट जॅक निकल्सन अशाच घरात वाढला. आजीला आई आणि आईला बहीण समजत तो सदतिशीत पोचला. मग १९७४ मध्ये त्याच्यावर लेख लिहिण्यासाठी माहिती काढणाऱ्या नियतकालिकाकडून त्याला खरं काय ते कळलं. तोवर ‘बहीण’ जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि ‘आई’ही उरली नव्हती. जाब विचारायला घरात कोणी नाही. नियोजन असावं तर असं.

घरात आई राजी नसेल तर संस्था असतात. लंडनमध्ये टॉमस कोरमने १७३९ साली राजाची सनद मिळवून सोडलेल्या मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं. पुढे तिथे रीतसर अर्ज आणि मुलाखत सुरू झाली. मूल पहिलंच हवं, आधीची वागणूक चांगली हवी, बाप पळालेला हवा आणि ते मूल संस्थेने घेतलं तर बाई पुन्हा कामाला लागून अब्रूने जगेल याची खात्री हवी. विचारणारे सगळे पुरुष. बाळ आत गेलं की नाव बदलत. पुढेमागे ओळख पटावी म्हणून आया सोबत काहीबाही ठेवत: बटण, नाणं, चिंधी. १७६७ साली एकीने ठिगळं जोडून केलेला एक कापडाचा तुकडा आणला. त्यावर लाल दोऱ्याने बदाम भरला होता. तो बदामाच्या मधोमध कापला गेला. अर्धा बाळाच्या कागदांना लावला, अर्धा तिने नेला. आठ वर्षांनी ती अर्धा तुकडा घेऊन आली आणि मुलाला घेऊन गेली. असा वेडेपणा मात्र करू नये. इतके कष्ट घेऊन पाश सोडवायचा आणि आठ वर्षांनी पुन्हा गळ्यात घालून घ्यायचा, अशा बाईला स्थळ कसं मिळणार?

याहून कडक बंदोबस्त हवा असेल तर आयर्लंडची माता-बालक गृहं होती, म्हणजे लग्नाआधी गरोदर राहिलेल्या पोरींना बाळंतपणासाठी ठेवायच्या संस्था. आता बंद झाली म्हणा. सरकारी चौकशी आयोगाने २०२१ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या संस्थांमधून १९२२ ते १९९८ या काळात सुमारे ५६ हजार आया आणि ५७ हजार मुलं गेली. त्यांतली सुमारे नऊ हजार मुलं तिथेच मेली. मग पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. बापांची वेगळी गृहं होती का, हे मी अहवालात शोधत बसलो नाही. तुम्हीही बसू नका.

लपवणं जमत नसेल तर तुम्हाला देश चुकला असं समजा. आइसलँडमध्ये जन्मणाऱ्या दर दहा बाळांपैकी साधारण सात लग्नाबाहेरची असतात. तिथे मूल आईबापांच्या लग्नात पुढच्या रांगेत बसलेलं असतं आणि कोणी मान वळवून बघत नाही. जपानमध्ये हेच प्रमाण शंभरात जेमतेम दोन. मूल दोन्हीकडे सारखंच रडतं.

अमेरिका मधली. नील बेनेट, डेव्हिड ब्लूम आणि सिंथिया मिलर यांनी १९९५ साली ‘डेमोग्राफी’ या नियतकालिकात आकडेमोड करून दाखवली, की लग्नाआधी मूल झालेल्या बाईचं पुढे लग्न होण्याची शक्यता कमी होते. त्यांचं लग्नावरून मन उडालं असेल म्हणावं तर तेही आकड्यांत दिसलं नाही. लग्न होईल ही आशा त्यांना होती. म्हणजे मुलगी तयार, मांडव रिकामा. बापांच्या शक्यतेचं काय झालं, हे त्या अभ्यासाने विचारलेलं नाही. अभ्यासकही सभ्य माणसंच.

आणि काळ निवडता येत असेल तर सरळ महाभारताचा निवडा. सत्यवतीला नावेत पराशर भेटला, धुकं पडलं, बेटावर व्यास झाला. पुढे तिने राजा शंतनूशी लग्न केलं, तेही बापाने घातलेल्या अटीवर: गादी तिच्याच मुलांना. त्यापायी सावत्र मुलगा जन्मभर ब्रह्मचारी राहिला. पुढे वंश बुडायची पाळी आली तेव्हा तिने भीष्माला आपलं लग्नाआधीचं मूल सांगून टाकलं, आणि घराण्याने त्या मुलाला मानाने बोलावून घेतलं. त्याच घरात नातसून म्हणून कुंती आली. तिने आपलं बाळ पेटीत घालून नदीला दिलं होतं आणि तोंड मिटून बसली. आजेसासूच्या बोलण्याने वंश चालला. नातसुनेच्या गप्प बसण्याचा हिशेब अठरा दिवस चुकता होत होता. तरी आम्ही तुम्हाला कुंतीचीच रीत सांगतो. चारचौघांत तीच शोभते.

अलीकडची सोय म्हणजे राजपुत्र. नॉर्वेच्या युवराजाने २००१ साली मेटे-मारिटशी लग्न केलं, तेव्हा तिचा चार वर्षांचा मुलगा लग्नाला हजर होता. त्याच आठवड्यात तिला मात्र आपल्या गतायुष्याबद्दल पत्रकारांसमोर डोळ्यांत पाणी आणून बोलावं लागलं. राजवाड्यातसुद्धा मावशी असते.

राजपुत्र नाही मिळाला तर ‘मला चालेल’वाला मिळतो. हा खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “तुमचं सगळं ऐकलंय मी. मला चालेल.” जुन्या गाडीच्या दारावरचा ओरखडा पाहून माणूस म्हणतो ना, तसं. मग थोडं थांबून, “फक्त बाळाचं काय ठरवलंय?” ठरवायचं काय असतं? बाळ आतल्या खोलीत झोपलेलं असतं. पण तुम्ही मान खाली घाला, कृतज्ञ दिसा. ही कृतज्ञता पुढची चाळीस वर्षं पुरवून वापरायची आहे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तीच कामाला येईल.

राहता राहिले वधूपक्षाचे वाचक. तुमच्या मुलीसाठी एखादं छान स्थळ आलं असेल. मुलगा अविवाहित, निर्व्यसनी, कसलाही पाश नाही. अपत्यांचा रकाना त्याच्याही फॉर्मवर उगवलेला नाही. तेव्हा समोर बसल्यावर तुम्ही तो प्रश्न तोंडाने विचारायला जाऊ नका. चहा पुढे करा, नोकरीचं विचारा. शोध घेण्यास मनाई आहे.