कपालभातीचे स्ट्रोक मोजून ध्यान लागत नाही

सांगलीत आमराईत सकाळी प्राणायामाला बसणाऱ्यांचा वाद व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे जर्मनीत माझ्यापर्यंत येतो. एक बाजू म्हणते, प्राणायाम आपला, गोऱ्यांनी उचलला आणि ‘ब्रीदवर्क’ म्हणून विकायला काढला. दुसरी म्हणते, ते राहू दे, तुम्ही मिनिटाला किती स्ट्रोक, म्हणजे श्वास बाहेर फेकण्याचे झटके, मारता ते सांगा. दोघांच्याही डोळ्यांपुढे फक्त कपालभाती असते, याचा मला मनापासून राग येतो. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती धौती-नेतीच्या पंगतीला, षट्कर्मांत बसवली आहे. ती शुद्धिक्रिया. आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचे प्राणायाम, पुढे वेगळे सांगितले आहेत. ज्या वारशासाठी भांडायचं तो एकदा वाचून तरी बघावा.

‘जोरात श्वास घेतला की ऑक्सिजन वाढतो’ हेही ठासून सांगितलं जातं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनने भरलेलं असतं. भराभर श्वासाने घटतो तो कार्बन डायऑक्साइड. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. त्यालाच कुणी ध्यान लागलं म्हणतं!

ध्यानासाठी श्वास संथ करावा लागतो. पाठ ताठ, खांदे सैल, पोट रिकामं. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. एक अंक म्हणजे एक सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांब. सहा अंक जमत नसतील तर तीन आत, चार बाहेर करा. अंक गाठायला श्वास ताणला की पुढचा श्वास हापापून घेतला जातो आणि सगळी लय जाते. बरेच लोक इथेच चुकतात. नाडीशोधन, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास, करायचं तर उजवा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर, फक्त टेकवून. दाबून धरलं की मान आखडते. पाचेक मिनिटांनी हात खाली घ्या आणि मोजणंही सोडा. मग श्वास नाकपुडीच्या कडेला जिथे लागतो तिथे लक्ष ठेवायचं. मन पळालं की परत आणायचं, चिडायचं नाही. खरं ध्यान इथून सुरू होतं, आणि आपल्याकडे नेमकं याच वेळी सतरंज्या गोळा होतात.

इथे फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढांच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, आठ आठवड्यांच्या कोर्सला शिकवणारी बाई आधी रक्तदाब, गर्भारपण, हर्निया, काचबिंदू विचारते. क्रांकनकासेचा, म्हणजे आरोग्य विमा संस्थेचा, मान्यतेचा शिक्का असेल तर फीही बरीचशी परत मिळते. सांगलीत लाउडस्पीकरवरून सगळ्यांना एकच वेग. पण इथल्यांनाही मी सोडणार नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाची प्रयोगशाळेत मोजमापं घेतली. ‘चार आत, चार रोखा’ शिकवणाऱ्या इथल्या अ‍ॅपवर त्यांचं नाव दिसत नाही. पतंजलीने श्वास सोडण्याने आणि रोखण्याने चित्त स्थिरावतं असं सूत्रच दिलंय, त्याचाही पत्ता नसतो.

तेव्हा ‘आपला’ हा शब्द माझ्याही तोंडात येतो, आणि तिथेच मी अडकते. इथे कोर्समध्ये मी संस्कृत उच्चारापुरती. आमराईवाल्यांना मी सूचना केली की ‘परदेशात बसून शिकवू नका’ असं उत्तर येतं. ते अगदीच चूक नाही, कारण पहाटे पाचला उठून सतरंजी टाकणारे ते आहेत, मी नाही. त्यांच्यातलं एक माणूस म्हणूनच मागणं मागते: कपालभाती आधी उरका, रक्तदाबवाल्यांना आणि हृदयविकारवाल्यांना तीतून वगळा, श्वास रोखायलाही लावू नका, आणि शेवटची दहा मिनिटं लाउडस्पीकर बंद ठेवून सगळ्यांना नुसतं श्वासावर बसू द्या.